बंकर, मोर्चा, खंदक : टेबलावरच्या लढाईसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावात दिवाळी आली की गल्लोगल्ली मुलं मातीचे किल्ले बांधतात. आमच्या रविवारच्या खेळाचं मूळ तिथंच आहे. किल्ले बांधणारे हात मोठे झाले आणि मावळ्यांच्या जागी आजच्या काळातले सैनिक आले. टिळकवाडीत एका माडीवर सहा बाय चार फुटांचं टेबल आहे. त्यावर 1:72 मापाच्या आकृत्या उभ्या राहतात, एक आकृती म्हणजे एक माणूस. जमिनीचं माप 1 सेंटिमीटरला 2 मीटर धरतो. बहुतेक वेळा एक प्लाटून, म्हणजे तीसेक माणसं, जागा धरून बसते आणि कंपनी, म्हणजे अशा तीन-एक प्लाटून, तिच्यावर चालून येते.

मराठा लाईट इन्फंट्रीचं केंद्र आपल्या गावातच आहे, त्यामुळे टेबलाभोवती निवृत्त फौजीही बसतात. नवे खेळाडू सगळ्यात जास्त बंकरबद्दल विचारतात. त्यांच्यासाठी ही उत्तरं.

बंकरला फाशावर भक्कम बचाव दिला की पुरे नाही का?

आम्ही बरेच दिवस तेच करत होतो. उघड्यावरच्या माणसाला 4 किंवा जास्त पडलं की गोळी लागायची, बंकरमधल्याला 6 पडल्याशिवाय लागायची नाही. झालं काय, की बचाव करणारा तीन बंकर टेबलाच्या तीन कोपऱ्यांत ठेवायचा आणि संध्याकाळपर्यंत दोघं नुसते फासे टाकत बसायचे. बंकर म्हणजे न फुटणारा धोंडा झाला होता.

एका निवृत्त सुभेदारांनी हा खेळ तासभर शांतपणे पाहिला. मग एका बंकरवर बोट ठेवून त्यांनी एवढंच विचारलं, की याच्या डाव्या कानाकडे कोण बघतंय? आमच्यापैकी कोणाकडेच उत्तर नव्हतं.

बंकर जेवढं देतो तेवढंच काढूनही घेतो. आतला माणूस जगाकडे एका फटीतून बघतो. बाजूला काय चाललंय ते त्याला दिसत नाही, स्वतःच्या बंदुकीच्या आवाजात फारसं ऐकूही येत नाही. जागा बदलायची तर मागच्या एकाच दाराने निघावं लागतं. शत्रू एकदा भिंतीला चिकटला की ती जाड भिंत शत्रूलाच वाचवते. म्हणून खरा बंकर एकटा नसतो. त्याची आंधळी बाजू शेजारच्या मोर्च्याच्या माऱ्यात असते, आणि शेजाऱ्याची याच्या.

आता आमचा नियम असा आहे : बंकर मांडतानाच त्याच्या आंधळ्या बाजूवर कुठला दुसरा मोर्चा मारा करू शकतो ते बोट ठेवून दाखवायचं. दाखवता आलं नाही तर बंकर तिथं ठेवायला हरकत नाही, पण त्या बाजूने आलेल्या माणसाला तो बंकर काहीही करू शकत नाही. एवढ्या एका नियमाने खेळ बदलला. खेळाडू बंकर मोजायचे सोडून बंकरांमधल्या रेषा बघायला लागले.

बंकरच्या फटीतून किती रुंद दिसतं?

आम्ही 60 अंश धरतो. पुठ्ठ्याचा एक त्रिकोणी तुकडा कापून ठेवलाय, त्याचं टोक फटीवर टेकवायचं. तुकड्याच्या आत येईल तेवढंच दिसतं, तेवढ्यावरच फायर.

या फटीला आपल्याकडे जुना आणि नेमका शब्द आहे, जंगी. गडाच्या तटात तिरकी भोकं असतात त्या जंग्या. गडावर गेलात की एखाद्या जंगीला डोळा लावून बघा. बहुतेक वेळा समोरचा डोंगर दिसत नाही, खालून येणारी वाट दिसते. बांधणाऱ्याने आधी वाट निवडली आणि मग भोक पाडलं. टेबलावरही हाच क्रम ठेवा. राजगडाच्या संजीवनी माचीचे चिलखती बुरूज पाहिलेत तर बाहेरची भिंत पडली तरी आतली उभी राहावी, हा विचारही लक्षात येईल.

नव्या खेळाडूची नेहमीची चूक म्हणजे जंगी सरळ शत्रूच्या दिशेने ठेवणं. मग शत्रूच्या प्रत्येक बंदुकीला ती समोर दिसते. 6 जून 1944 ला नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर जर्मनांच्या अनेक बंकरांनी समुद्राकडे नुसती जाड काँक्रीटची पाठ केली होती, आणि जंगी किनाऱ्याच्या लांबीवर रोखलेली होती. जहाजांच्या तोफांना फट दिसत नव्हती, पण वाळूवर उतरलेल्या रांगा कुशीतून माऱ्यात येत होत्या. टेबलावर एलएमजीचा, म्हणजे हलक्या मशीनगनचा, बंकर आडवा वळवून बघा. समोरून येणाऱ्याला तो दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

मोर्चा, खंदक, बंकर, संगर यांत फरक काय?

मोर्चा म्हणजे एक-दोन माणसांची खणलेली जागा, छातीइतकी खोल, वर उघडी किंवा अर्धी झाकलेली. अनेक मोर्चे जोडणारी चर म्हणजे खंदक. ती नागमोडी किंवा कोनाकोनात वळलेलीच हवी. सरळ चरीत एक ग्रेनेड पडला किंवा टोकाला एक बंदूक आली तर पूर्ण चर गेली. वळणं असली की धमाका एका तुकड्यापुरता राहतो. आमच्या टेबलावर सरळ खंदक मांडला तर ग्रेनेडचा परिणाम 10 सेंटिमीटरपर्यंत जातो, वळणाचा असेल तर वळणापाशी थांबतो.

बंकरला छप्पर असतं. संगर म्हणजे जिथं खणताच येत नाही तिथं दगड रचून केलेली आड. 1999 ला कारगिलच्या शिखरांवर घुसखोरांनी असे दगडी संगर रचले होते. तोलोलिंग 13 जूनला आणि टायगर हिल 4 जुलैला परत घेताना 155 मिलिमीटरच्या बोफोर्स तोफा थेट नजरेच्या रेषेत या संगरांवर डागल्या गेल्या. दगडाचा एक दुर्गुण ध्यानात ठेवा : गोळा जवळ फुटला की दगडाच्याच कपच्या उडतात. म्हणून संगराला बंदुकीच्या गोळीपासून पूर्ण बचाव, पण तोफगोळा शेजारी पडला तर आमच्याकडे हल्लेखोराला एक फासा जादा.

छपरावर माती किती धरायची?

या प्रश्नावर मी माडीवर कितीही वेळ बोलू शकतो, कारण यात बांधकाम आहे.

तोफगोळ्याच्या उडत्या तुकड्यांपासून वाचायला दाबून बसवलेली साधारण 45 सेंटिमीटर माती, म्हणजे दीड फूट, हा पायदळाचा जुना हिशेब आहे. आता वजन काढा. आतून 2 मीटर बाय 2 मीटरची जागा धरली तर छपरावर 1.8 घनमीटर माती आली. घनमीटरला सुमारे 1.7 टन धरले तर तीन टन झाले. हे तीन टन माणसांच्या डोक्यावर लटकवायचे म्हणजे खाली जाडजूड वासे किंवा लोखंडी रूळ हवेत. शिवाय वाशांची टोकं खड्ड्याच्या काठापासून बरीच मागे पक्क्या जमिनीवर टेकलेली हवीत. काठावरच टेकवली तर काठ ढासळतो आणि छप्पर खाली येतं. पावसात तीच माती भिजून आणखी जड होते.

म्हणून आमच्याकडे छपराचे तीनच प्रकार आहेत. पत्रा-फांद्यांचं छप्पर फक्त नजरेपासून लपवतं. दीड फूट मातीचं छप्पर हवेत फुटणाऱ्या गोळ्याचे तुकडे अडवतं. तिसरं काँक्रीटचं, जे आम्ही फार क्वचित देतो. एका प्लाटूनकडे काँक्रीटचा बंकर असेल तर तो आदल्या वर्षी कोणीतरी बांधून ठेवलेला असतो. लढाईच्या आदल्या रात्री तो उगवत नाही.

वाळूची पोती रचताना मॉडेलमध्येही विटांसारखी सांधेमोड करा. एकावर एक सरळ उभे सांधे आलेली भिंत खऱ्या फौजीला बघवत नाही. पोतं गच्च भरायचं नसतं, थोडं रिकामं ठेवून थोपटलं की ते चपटं बसतं.

आमच्या भागातली जमीन टेबलावर घ्यायची असेल तर खणण्याचे नियम बदलतात का?

बदलायलाच हवेत. आपल्या जिल्ह्यात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाताना जमीन तीन-चार वेळा रंग बदलते, आणि प्रत्येक रंगाबरोबर बंकर बदलतो.

खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे जांभा. टिकाव-पहारीने खणताना घाम निघतो, पण एकदा कापला की भिंत सरळ उभी राहते. हवा लागून जांभा आणखी कठीण होतो, म्हणून तर त्याचे चिरे कापून घरं बांधतात. तिथं खंदकाला आतून फळ्या किंवा पत्र्याचा आधार लागत नाही. मात्र हा पट्टा मुसळधार पावसाचा. जून ते सप्टेंबरच्या खेळात आम्ही इथल्या प्रत्येक मोर्च्यासाठी एक फासा टाकतो, 1 किंवा 2 पडलं तर मोर्च्यात गुडघाभर पाणी. निचऱ्याची चर आधी खणली असेल तरच हा फासा माफ.

अथणी, चिकोडी, निपाणीकडची काळी जमीन उलट्या स्वभावाची. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, पावसात ती फुगते आणि चिकटते. खणायला सोपी, पण भिंत टिकत नाही. तिथं आधाराशिवाय खणलेला खंदक जवळ तोफगोळा पडल्यावर ढासळू शकतो, त्याचा फासा वेगळा. पावसाळ्यात काळ्या रानातून धावणं नाही, सगळ्यांची चाल निम्मी.

गोकाककडच्या खडकात खणणं विसरा, तिथं संगरच रचा. आणि बेळगावच्या बळ्ळारी नाल्याकाठची भातशेती घेणार असाल तर पावसाळ्यात खड्डा खणू नका. बांधाच्या आडून लढा, किंवा पोत्यांची भिंत जमिनीच्या वर उभी करा.

आम्हाला हे सगळं शेतकरी घरातल्या खेळाडूंनी शिकवलं. विहीर खणताना कुठल्या थरात काय लागतं, हे त्यांना पाठ असतं.

ऊस हा कव्हर धरायचा का?

उसात माणूस दिसत नाही, पण ऊस गोळी अडवत नाही. आम्ही लपण आणि आड हे दोन वेगळे शब्द वापरतो. ऊस, ज्वारी, झुडपं हे लपण. बांध, चिऱ्याची भिंत, मोर्चा ही आड. उसात दडलेल्या माणसावर नेम धरता येत नाही, पण तो आहे तिथं अंदाजे फायर केला तर त्याला उघड्यावर असल्यासारखीच गोळी लागते.

तोफखान्याचा मारा बंकरवर कसा मोजायचा?

आधी गोळा कधी फुटणार ते ठरवा. हल्लेखोराने मारा मागतानाच तीनपैकी एक सांगायचं : हवेत फुटणारा, लागताच फुटणारा, किंवा आत घुसून थोड्या उशिराने फुटणारा. हवेत फुटणारा उघड्या खंदकाचा काळ, पण मातीच्या छपरावर वाया जातो. उशिराने फुटणारा छप्पर खचवतो, पण त्यासाठी तो नेमका छपरावर पडावा लागतो. उघड्या शेतातल्या माणसांवर त्याचा धमाका बराचसा जमिनीतच जिरतो. एकदा निवडलं की तो मारा संपेपर्यंत बदलता येत नाही.

मारा चालू असताना आतल्यांनी जंगीपासून दूर व्हावं की नजर ठेवावी, हा निर्णय बचाव करणाऱ्याला दर फेरीला घ्यावा लागतो. दूर झाले तर वाचतात, पण शत्रू किती जवळ आला ते त्यांना कळत नाही. माझ्या मते आमच्या सगळ्या नियमांत हा सर्वात चांगला आहे.

रॉकेट लाँचरने बंकर एका फटक्यात उडायला हवा ना?

रणगाडा फोडणारा गोळा बंकरच्या भिंतीला भोक पाडतो, पण ते भोक अरुंद असतं. त्या रेषेतला माणूस गेला तरी बाजूचा वाचू शकतो. भिंतीवर मारण्यापेक्षा जंगीतून आत मारणं परिणामकारक, आणि मातीच्या बंकरला साधा स्फोटक गोळा जास्त लागू पडतो. 84 मिलिमीटरच्या लाँचरला आमच्याकडे हे दोन्ही गोळे वेगवेगळे मोजून दिलेले असतात.

उलट बाजूने : लाँचर बंद बंकरच्या आतून डागता येत नाही. त्याच्या मागच्या झोताने आतलीच माणसं होरपळतील. लाँचरवाल्याला मागे मोकळी जागा असलेला उघडा मोर्चा द्या.

तारेचं कुंपण आणि सुरुंग कुठे मांडावेत?

जिथं तुमचा फायर पोचतो तिथंच. ज्या तारेवर कोणाचीच नजर नाही ती शत्रू निवांत कापतो. आमच्या टेबलावर माऱ्यात नसलेली तार एका फेरीत आपोआप उघडते. तारेचं काम शत्रूला तुमच्या एलएमजीसमोर थांबवून धरण्याचं आहे. ती मोर्च्यापासून ग्रेनेड फेकता येणार नाही इतकी लांब हवी, म्हणून आम्ही 20 सेंटिमीटर ठेवतो, जमिनीवरचे 40 मीटर.

तार उडवायला बँगलोर टॉर्पेडो द्या. स्फोटकाने भरलेल्या नळ्या एकीला एक जोडत तारेखाली सरकवायच्या आणि उडवायच्या. 1912 मध्ये बंगळुरात मद्रास सॅपर्सच्या (सॅपर म्हणजे सैन्यातला अडथळे फोडणारा, वाटा करणारा माणूस) कॅप्टन मॅक्लिंटॉक यांनी ही कल्पना प्रत्यक्षात आणली आणि शहराचं नाव जगभरच्या सैन्यांत गेलं. आपल्याच राज्यातली ही वस्तू टेबलावर आली की मला दर वेळी आनंद होतो. नळ्या जोडायला आम्ही दोन फेऱ्या लावतो, आणि त्या वेळात सॅपरला झाकायला धुराचे गोळे लागतातच.

मग बंकर घ्यायचा तरी कसा?

आधी जंगी आंधळी करा. धूर टाका, किंवा एलएमजीचा सतत मारा जंगीवर ठेवा, म्हणजे आतला डोकं वर काढत नाही. शेजारचा मोर्चा गप्प केल्याशिवाय या बंकरकडे जाऊ नका. तो गप्प झाला की तीन-चार माणसं आंधळ्या बाजूने सरपटत जातात. शेवटचे काही मीटर आणि ग्रेनेड हे त्यांचं काम.

आपल्या पलटणीचं एक उदाहरण आम्ही नव्या खेळाडूंना नेहमी सांगतो. 9 एप्रिल 1945, इटलीतली सेनिओ नदी. जर्मनांनी पुराच्या उंच बांधांत मशीनगनचे मोर्चे खणले होते. पाचव्या मराठा लाईट इन्फंट्रीच्या पहिल्या पलटणीचे शिपाई नामदेव जाधव यांनी आधी दोन जखमी साथीदारांना पाण्यातून, बांधावरून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून मागे आणलं. मग परत जाऊन एकट्याने तीन मशीनगन मोर्चे बंद पाडले. हाताला जखम झाल्यावर बंदूक टाकून ग्रेनेड वापरले. नंतर बांधाच्या माथ्यावर उभं राहून त्यांनी मराठ्यांची युद्धगर्जना केली आणि बाकीच्यांना पुढे बोलावलं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आम्ही ही लढाई खेळतो तेव्हा टेबलावर बांध खरोखर उंच करतो. बांधाच्या पायथ्याशी पोचलेला माणूस वरच्या मोर्च्याला का दिसत नाही, ते कागदावरच्या नकाशावर कळत नाही, मातीच्या बांधावर लगेच कळतं.

ड्रोन आल्यावर बंकरला काही अर्थ उरला का?

अर्थ वाढला, पण आकार बदलला. युक्रेनच्या युद्धात उघड्या खंदकात ड्रोन वरून ग्रेनेड टाकताना जगाने पाहिलं. स्फोटक घेऊन उडणारे छोटे ड्रोन दारातून, फटीतून आत शिरतात. त्यामुळे लांबच लांब उघड्या खंदकांऐवजी झाकलेल्या छोट्या जागा, जाळ्या आणि वळण घेऊन आत जाणारं दार आलं. रायगडाच्या महादरवाजाची गोमुखी रचना आठवा. समोरून सरळ आत येता येत नाही, वळावंच लागतं.

ड्रोन घेतले तर बंकरच्या दाराला वळण किंवा जाळी आहे का ते मांडतानाच लिहून ठेवायचं. नसेल तर उघड्या दारातून आलेला ड्रोन आत फुटला असं धरतो, आणि बंद जागेतला धमाका उघड्यावरच्यापेक्षा फार वाईट.

खणायला किती वेळ द्यायचा?

खेळाआधीचे तास वाटून देतो. एका तासात दोघं जण आडवं पडण्यापुरती खळगी खणतात. छपरासह पक्का मोर्चा हे त्यांचं पूर्ण रात्रीचं काम. दिवसा नजरेत असाल तर खणता येत नाही.

घाईच्या खळगीला कमी लेखू नका. डिसेंबर 1971 ला आजच्या बांगलादेशातल्या जमालपूरच्या मागे पहिल्या मराठा लाईट इन्फंट्रीने रस्ता अडवला. तिला जंगी पलटण म्हणतात, इथं जंगी म्हणजे फट नव्हे. पाकिस्तानची 31 बलुच पलटण रात्री बाहेर पडायला बघत होती, ती त्यांच्या माऱ्यात सापडली. काँक्रीट नव्हतं. जागा बरोबर होती आणि फायर एकमेकांत गुंफलेला होता.

हल्ला करणारा दर वेळी हरतो, काय करावं?

बंकर लपवून मांडता की उघडे, ते तपासा. लपवलेले असतील तर हल्लेखोराला टेहळणीसाठी खेळाआधी तीन फेऱ्या द्या. बचाव करणाऱ्याला दोन खोटे बंकर द्या, पण त्यांतून कधीच फायर होत नाही हे हुशार हल्लेखोराच्या लक्षात येतंच. आणि हल्लेखोराला सॅपर द्या. 6 ऑक्टोबर 1973 ला सुएझ कालव्याच्या काठावरचा वाळूचा अजस्र बांध इजिप्तच्या सैनिकांनी पाण्याच्या जोरदार पंपांनी धुऊन वाटा पाडल्या. तोफखान्याला जे वेळेत जमलं नसतं ते पाण्याने काही तासांत केलं.

नकाशा आपल्या भागाचा, मग लढाई कोणाची लावता?

लाल आणि निळ्या अशा दोन काल्पनिक फौजांची. टेबलावर खऱ्या गावांची नावं लिहीत नाही. सीमेचा प्रश्न आपल्या घराघरांत जगलेला आहे, मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणारी मुलं एकाच बाकावर बसून आमच्याकडे खेळतात. त्यावर लढाई मांडायची नाही, हे पहिल्या दिवशीच ठरलं.

मॉडेल कशाचे बनवावेत?

दिवाळीच्या किल्ल्याचंच सामान. लाल माती चाळून पातळ फेविकॉलमध्ये कालवा. पोत्यांसाठी मळलेल्या मातीचे छोटे लांबट गोळे करून ओले असतानाच चपटे दाबा, आणि वरून गोणपाटाचा तुकडा दाबून काढा, वीण उमटते. वाशांना झाडूच्या काड्या, पत्र्याला कागदी खोक्यातला नळीदार पुठ्ठा.

छप्पर सुटं ठेवा, आत माणसं ठेवता आली पाहिजेत. 1:72 मध्ये दोन मीटरची जागा 2.8 सेंटिमीटर होते, पण जमिनीच्या मापाने ती 1 सेंटिमीटरच. म्हणून अंतर नेहमी जंगीपासून मोजा, मॉडेलच्या भिंतीपासून नको. आणि पावसाळ्यात मॉडेल पत्र्याच्या डब्यात कडुलिंबाचा पाला घालून ठेवा. गेल्या श्रावणात उघड्या फळीवर ठेवलेले दोन बंकर बुरशीने गेले, डब्यातले सगळे शाबूत निघाले.